उणे तीन

समजा, असं मी फळ्यावर लिहिलं.
गणिताचा पहिला शब्द नेहमी तोच.

समजा, होडीचा स्थिर पाण्यातला वेग ताशी नऊ.
धक्क्यापासून खाडीत बारा किलोमीटर वर
आणि तेवढंच परत.
जाऊन येऊन तीन तास.
तर प्रवाहाचा वेग काढा.

मी बार्शीकडचा. आमच्याकडे पाणी विहिरीत,
आटलं की खाली जातं,
तेवढीच त्याची वाट.
दाभोळच्या शाळेत लागून आठ महिने झालेले.
वर्गाच्या खिडकीतून खाडी दिसते,
पण फळ्याकडे तोंड केलं की ती पाठीशी.

क्ष मानला.
एका छेदात नऊ वजा क्ष, दुसऱ्यात नऊ अधिक क्ष.
छेद समान केले, वर दोनशे सोळा,
खाली एक्याऐंशी वजा क्ष वर्ग,
खडूची पूड बाहीवर,
बाहेर फेरीबोटीचा भोंगा,
आणि शेवटी क्ष वर्ग बरोबर नऊ.
म्हणून क्ष तीन, किंवा उणे तीन.
वेग ऋण नसतो, म्हणालो,
काट मारली, शेजारी लिहिलं: अग्राह्य.
पंधरा वर्षं ही काट मारतोय.
हात आता मला विचारत नाही.

तिसऱ्या बाकावरून जैनब होडेकर उठली.
"सर, ती काट पुसा.
उणे तीन म्हणजे भरती."

कुणीतरी हसणार होतं, राहून गेलं.

"तुमचा क्ष ओहोटीचा, सर.
जाताना आडवा येतो, येताना ढकलतो.
भरतीला पाणीच वर निघालेलं असतं,
तेव्हा जायला एक तास नि यायला दोन.
अब्बा रोज बघूनच सुटतात."

मी ताळा केला.
बारा भागिले बारा, एक.
बारा भागिले सहा, दोन.
तीनच तास.
सगळं पुस्तकाला धरून,
आणि पुस्तकात कुठेच नाही.

"मग कालच्या त्या उणे सोळा पेट्या?"
मागून विश्राम डिंगणकर.
सात हजार दोनशेचे आंबे, पेटी चारशेला
(या भावावर काल दहा मिनिटं हशा चालला होता),
पेट्या अठरा, किंवा उणे सोळा.
"त्या दलालाच्या," जैनब म्हणाली,
"उचल घेतलेली, माल द्यायचा राहिलाय."
तिथली काट मी राहू दिली.
फार खात्री होती असं नाही,
पण घंटा झाली.

रविवारी धक्क्यावर गेलो.
यासीन होडेकर दोर आवळत होता,
माझ्या चपला बघून म्हणाला, इथं शेवाळ आहे, मास्तर.
मग छेद शून्य कधी होतो
ते त्यानं न विचारता सांगितलं:
"अमावास्येचं उधाण, खाडीच्या तोंडाशी ओहोटी लागलेली.
इंजिन फुल.
आणि बाजूला तोच खडक.
बिडी संपली तरी तोच खडक."
"मग?"
"मग काय. जागा धरून राहायचं.
पाणी एक चाल किती वेळ धरणार?"

वहीत मी फक्त एवढंच लिहीत आलो होतो:
क्ष, नऊ नसावा.

त्या रात्री खोलीवर पुस्तक उघडलं
आणि गणित पुन्हा वाचलं, शब्दाशब्दानं.
होडी होती, अंतर होतं, तास होते.
कुठल्या वेळेला सुटली, ते नव्हतं.
तीन तास पाणी एकाच दिशेनं जाईल
हे कुणी, कुठे बसून मानलं होतं?
एखाद्या विहिरीच्या गावात बहुतेक.

बोर्डाच्या उत्तरसूचीत एकच उत्तर आहे.
मीही तेच शिकवतो, गुण त्याला मिळतात.
फक्त हल्ली फळ्यावर एक ओळ जास्त लिहितो,
नऊच्या आधी, बाराच्या आधी:
समजा, ओहोटी आहे.

मुलं खिडकीकडे बघतात.
नसली तर लगेच सांगतात.